पुढाऱ्याची हजेरी

पुढारी वर्गात तयार होतो, असं तुम्हाला खरंच वाटतं का? आमच्या कॉलेजाला वाटत होतं. म्हणून तिसऱ्या वर्षाला दर शनिवारी नेतृत्वाचा तास असायचा, सक्तीचा, हजेरीसकट. बाहेरून एक मॅडम यायच्या. आठवडाभर त्या कंपन्यांमधल्या साहेबांना हेच शिकवायच्या आणि शनिवारी आम्हाला. पडद्यावर डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला एकटा माणूस दिसायचा. तो तिथवर कसा पोचला, त्याचं सामान कुणी वाहिलं, हे त्या चित्रात कधी नसायचं. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने नेतृत्वाची स्वतःची व्याख्या लिहायची आणि वर्गापुढे मांडायची होती. त्याला गुण होते.

मला वाटलं, यात अवघड काय आहे? मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. मल्लेश्वरमच्या आमच्या घरात कपाटांच्या फळ्यांवर, डब्यांखाली, गादीखाली वडिलांच्या युनियनची पत्रकं अंथरलेली असायची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचा कारखाना मी शाळेत जायच्या आधीच बंद पडला, पण पत्रकं काही संपली नाहीत. ती कन्नडमध्ये होती. अण्णा ती मला मराठीत करून वाचून दाखवायचे. इतर मुलींना झोपताना ससा-कासव मिळालं, मला टाळेबंदी मिळाली. माझं मराठी अजूनही जरा घोषणा दिल्यासारखं येतं, त्याचं कारण हे.

तेव्हा मी एका बैठकीत लिहून टाकलं, पुढारी म्हणजे जो सगळ्यात आधी बोलतो. मॅडमनी वाचलं आणि ऊर्जा छान आहे म्हणाल्या. राग थोडा कमी करायला सांगितला. आणि यात 'मी' कुठे आहे, असं विचारलं. शेवटच्या सादरीकरणाला अजून वेळ होता, म्हणून मी ते तसंच ठेवलं.

माझ्या बाकावर एक नागपूरची मुलगी बसायची. तिचा मोठा भाऊ आयटीत होता, त्याचं घर बेळ्ळंदूरला. ती त्याच्याकडे राहून शिकत होती. कॉलेज आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिच्यासाठी ते शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिंग रोडवर बस अडकली की ती खिडकीतून फोटो पाठवायची, खाली फक्त लिहायची, 'उभी आहे.' पहिला तास नऊचा होता तोवर ती कशीबशी पोचायची. त्या सत्रात कॉलेजाने तो आठचा केला. उशिरा आलेल्याला गैरहजर धरायचे, आणि हजेरी ठरलेल्या टक्क्याच्या खाली गेली की परीक्षेला बसू द्यायचे नाहीत. भावाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की एक वर्ष जरी वाया गेलं तरी नागपूर. तो दुष्ट नव्हता. बहिणीला इतक्या लांब ठेवायचं ते कशासाठी, याचं उत्तर त्याला दर सुट्टीत घरी द्यावं लागायचं.

"मी तं अंधारात निघून राहिली ना," ती म्हणायची. "याच्यापेक्षा लवकर निघायचं तं आदल्या दिवशीच निघावं लागेल."

वर्गात असे लांबून येणारे बरेच होते. विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष आमच्याच वर्गात होता, पुण्याचा. गोरागोमटा, बोलायला गोड, तीन भाषांमध्ये सारखाच गोड. आम्ही तिघेच मराठी बोलणारे, म्हणून कॅन्टीनमध्ये तो आमच्या टेबलाशी येऊन 'काय मंडळी' म्हणायचा. आठच्या तासावर तोच सगळ्यांत आधी बोलला. एका दुपारी बाकावर चढला आणि म्हणाला की सोमवारपासून आठवडाभर मास बंक, सगळ्याच तासांना.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलं नाही त्यांना सांगते. मास बंक म्हणजे सगळ्या वर्गाने मिळून तासाला न जाणं. त्याचा नियम एकच असतो, आत एकही माणूस जाता कामा नये. वर्ग पूर्ण रिकामा असला तर बहुतेक सर लाजेकाजेने हजेरी घेत नाहीत. एक जरी आत बसला तर त्याला शिकवतात आणि बाकी सगळे गैरहजर. म्हणून अध्यक्षाने बाकावरून हेच बजावलं, की जो आत जाईल तो गद्दार. टाळ्या पडल्या. पत्रक मी लिहिलं. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये, खाली कुणाचंही नाव नाही, फक्त 'आम्ही सर्व'. असंच लिहायचं असतं, हे मला फळ्यांवरच्या कागदांनी शिकवलं होतं.

घरी अण्णांना दाखवलं. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. त्यांनी चष्मा पुसला, वाचलं आणि मला आठचा काय त्रास आहे, असं विचारलं. घर दहा मिनिटांवर आहे, गप्प डिग्री घे.

"मग मला ती सगळी पत्रकं कशाला वाचून दाखवलीत?"

"रद्दीवाला घेईना म्हणून," अण्णा म्हणाले आणि टीव्ही लावला.

आतून आई म्हणाली, "स्वल्प हळू बोला दोघं, खालच्यांना ऐकू जातं."

तो आठवडा आम्ही गेटजवळच्या कट्ट्यावर काढला. सकाळची थंडी, कॉफीचे कागदी कप, पोरांची गाणी. नागपूरची मैत्रीण रोज सगळ्यांत उशिरा यायची आणि सगळ्यांत जास्त हसायची. उशिरा पोचूनही तिला कुणी काही म्हणत नाही, असं त्या सत्रात पहिल्यांदाच घडत होतं. अध्यक्ष मधून मधून यायचा, कुणाच्या खांद्यावर हात ठेवायचा, बोलणी चालू आहेत म्हणायचा आणि आत जायचा. सरांनी मात्र लाजकाज ठेवली नाही. रिकाम्या वर्गात रोज हजेरी घेतली आणि रोज सगळ्यांना गैरहजर लावलं.

शुक्रवारी तास आठवरून सव्वाआठवर आला. अध्यक्षाने विभागप्रमुखांशी हात मिळवतानाचा फोटो ग्रुपवर टाकला, खाली 'वी डिड इट'. पंधरा मिनिटं. बेळ्ळंदूरहून येणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं म्हणजे एक सिग्नल. पण ग्रुपवर अंगठे आणि फुलं यांचा पाऊस पडला आणि सगळे पांगले.

सत्र संपता संपता कमी हजेरीची यादी लागली, आणि त्यात तिचं नाव होतं. तो आठवडा नसता तर नसतं, इतक्या थोडक्यासाठी.

आम्ही दोघी विभागप्रमुखांकडे गेलो. त्यांनी बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. नियम ते बदलू शकत नव्हते, पण एक वाट होती म्हणाले. त्या आठवड्यात वर्ग आणि कॉलेज यांच्यात वाद चालू होता, असं प्राचार्यांनी मान्य केलं तर तो आठवडा सगळ्यांच्याच हिशेबातून वगळता येईल. पण प्राचार्य ते तेव्हाच मानतील, जेव्हा बंक पुकारणारा स्वतः येऊन मी पुकारला म्हणेल. नाहीतर ही नुसती न आलेली मुलगी. यादी सोमवारी विद्यापीठाकडे जाणार होती.

अध्यक्ष कॅन्टीनमध्ये डोसा खात होता. आम्ही सगळं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं.

"अगं, तिच्यासाठी बोलायला मला काय प्रॉब्लेम आहे? पण प्रिन्सिपलसमोर 'मीच बोलावलं' म्हणायचं म्हणजे ते रेकॉर्डवर जातं. पुढच्या महिन्यात प्लेसमेंट आहे."

"तुझा पण आठवडा परत मिळेल की," मी म्हणाले. "तुझीही गैरहजेरी जाईल."

"माझी कुठे लागलीये? मी ओडी टाकला होता."

ओडी म्हणजे ऑन ड्यूटी. कॉलेजच्या कामासाठी वर्गाबाहेर असलेल्यांना हजर धरतात. महोत्सव, क्रिकेट, नाच, कशाचंही काम चालतं.

"कधी टाकला?" मैत्रिणीने विचारलं.

"बंकच्या आधीच्याच शुक्रवारी. कौन्सिलमधल्या सगळ्यांनी टाकला, फेस्टच्या नावाने." चटणीत डोसा बुडवता बुडवता तो सांगत होता. लपवण्यासारखं काही आहे असं त्याच्या डोक्यातही नव्हतं. "हे बघ, बोलणी करायला कुणीतरी सेफ पाहिजेच ना. तुम्ही विचारायचं तरी मला. घातली असती तुमची नावं."

"म्हणजे आम्ही कट्ट्यावर गैरहजर, अन् तू हजर?" ती म्हणाली.

"टेक्निकली," तो हसला. मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "टेन्शन घेऊ नको गं. बघतो मी काहीतरी. आपण मराठी माणसं आहोत."

तिने पाण्याचा ग्लास उचलला. मला वाटलं आता त्याच्या अंगावर ओतते. ती प्यायली आणि ग्लास जागेवर ठेवला.

त्याने काही बघितलं नाही. शनिवार उजाडला, व्याख्यांचा शनिवार. त्याची पाळी माझ्या आधी होती. त्याने कोट घातला होता. नेता म्हणजे जो स्वतःचा विचार सर्वांत शेवटी करतो, असं तो म्हणाला. आठच्या तासाचं उदाहरण दिलं, हात मिळवल्याचा फोटो दाखवला. मॅडमनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी माझा जुना कागद घडी करून ठेवून दिला होता. उभी राहिले आणि म्हणाले, पुढारी म्हणजे तो, ज्याची गैरहजेरी सगळ्यांत आधी लागते. मग मी मॅडमकडे न बघता त्याच्याकडे बघून सांगितलं की प्राचार्य आज दुपारपर्यंत आहेत, केबिन बरोबर एक मजला खाली आहे, आणि सोमवारी यादी जाणार आहे. आत्ता चल. खाली जाऊन एक वाक्य बोल.

तो मॅडमकडे बघून म्हणाला, "मॅम, हे पर्सनल होतंय."

मॅडम म्हणाल्या की विषय महत्त्वाचा आहे, पण ही जागा त्या विषयाची नाही, आणि पुढच्याला बोलावलं. पुढचा उठला सुद्धा. तेव्हा मैत्रीण मागच्या बाकावरून उठली, बॅग खांद्याला लावली आणि दाराकडे गेली. जाता जाता मला म्हणाली, "चल. त्याला कशाला विचारतेस?"

मी तिच्यामागे गेले. दारात मी वळून बघितलं. त्या आठवड्यात हा अख्खा वर्ग आमच्यासोबत कट्ट्यावर होता. गाणी म्हणत होता, माझं पत्रक वाटत होता. त्यातले निम्मे फोनमध्ये बघत होते, निम्मे फळ्याकडे, आणि फळ्यावर काहीच नव्हतं. दोघे उठले. एक तुमकूरहून रोज रेल्वेने येणारा मुलगा, आणि एक मुलगी जिच्याशी मी तीन वर्षांत धड बोललेही नव्हते. एवढेच.

प्राचार्यांनी पहिला प्रश्न विचारला, तुमचा प्रेसिडेंट कुठे आहे? आम्ही म्हणालो की बंक आम्ही पुकारला होता, सगळ्यांनी मिळून, पत्रकावर तसं लिहिलं आहे. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग आमच्यामागच्या रिकाम्या दाराकडे. आवाज जराही न चढवता ते इंग्रजीत जे म्हणाले त्याचा अर्थ असा, की चौघांचा वर्ग होत नाही.

सोमवारी यादी गेली. पंधरवड्यात तिचा भाऊ तिला नागपूरच्या गाडीत बसवून आला. तिथल्या कॉलेजाने आमच्या विद्यापीठातले सगळे विषय धरले नाहीत, म्हणून ती पुन्हा दुसऱ्या वर्षाला बसली, वयाने लहान पोरांबरोबर. फोन होतो आमचा. त्या आठवड्याचा विषय मी काढला की म्हणते, "सोड ना. काऊन उकरून राहिली?" मग तिच्या आईने इथून मागवलेल्या कॉफी पावडरीबद्दल बोलते.

अध्यक्षाला चांगल्या कंपनीत नोकरी लागली. त्याची व्याख्या छापून प्रवेशद्वारापाशी उभी केली आहे, कोटातल्या फोटोसकट. मला त्या विषयात काठावर पास केलं. शेरा होता की दृष्टिकोन सकारात्मक हवा.

मला त्या शेऱ्याचं दुःख नाही. दुःख याचं आहे की मांडली तेव्हा मला ती व्याख्या पूर्ण वाटली होती, आणि एक मजला उतरेपर्यंत ती अर्धी झाली. मी सगळा राग त्या एकावर काढून मोकळी होणार होते. तो तर दिसतच होता, कोट घालून समोर उभा होता. पण प्राचार्यांनी मोजलं ते आम्हाला. तो आला नाही तरी चाललं असतं, वर्ग आला असता तर. चांगला पुढारी कोण, हे मी कितीही नेमकं लिहिलं तरी त्याच्यामागे गाणी म्हणत आलेल्या आणि उतरायची वेळ आली तेव्हा फोनमध्ये बघणाऱ्या माणसांचं काय करायचं, हे त्यात येत नाही. ते मला अजून लिहिता आलेलं नाही.

म्हणून तुमच्याकडे व्याख्या मागत नाही, एक काम सांगते. सगळ्यांनी मिळून केलेल्या एखाद्या गोष्टीची शिक्षा एकट्याने भोगणारं माणूस तुमच्या वर्गात असेल, ऑफिसात असेल, सोसायटीत असेल. तुम्हाला ते ठाऊक आहे, तुम्हीही त्या दिवशी तिथे होता. उद्या सकाळी त्याच्याकडे जा, आणि जिथे त्याला जाब विचारतात त्या केबिनपर्यंत त्याच्याबरोबर चला. बोलता येत नसेल तर बोलू नका. नुसते दारात उभे राहा, आणि येताना शेजारच्या बाकावरच्याला घेऊन या.