माहीत असलेलं विचारणं

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी साताऱ्यातल्या एका अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवत होते. मूल कसं शिकतं हे मी रोज सकाळी फळ्यावर लिहायचे, आणि घरी माझी स्वतःची मुलगी मला साध्या प्रश्नाचंही उत्तर देत नव्हती.

ती पाच वर्षांची होती आणि जूनमध्ये पहिलीत जायची होती. तिला अंक येत होते, अक्षरं येत होती. ते सगळं मीच ठरवून, क्रमानं घरात आणलं होतं. आधी मणी, मग चित्रांची कार्डं, मग पाटी. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या कागदावर मी एकेक गोष्ट खूण करत पुढं जात होते. पण समोर बसवून "हे किती गं?" विचारलं की ती खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, "माहीत नाही."

रागानं नाही, हट्टानंही नाही. दुकानदारानं "संपलंय" म्हणावं तसं.

पहिलीच्या बाईंसमोर ती अशीच गप्प उभी राहिली तर काय होईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. शेवटच्या बाकावर बसवतील, 'जरा मंद आहे' म्हणतील, आणि एकदा चिकटलेला तो शब्द वर्षानुवर्षं निघत नाही. अशी मुलं मी विद्यार्थिनींचे पाठ तपासायला मेढ्याच्या बाजूच्या शाळांतून फिरताना पाहिली होती. शिवाय शिकवण्याचं काम करणाऱ्या बाईची मुलगी! तेही होतंच. जूनच्या आत तिनं माझ्याशी बोलायला हवं होतं.

त्याच वर्षी सांगलीची एक विद्यार्थिनी माझ्या वर्गात होती. घरचं बरं होतं, मुलगी हुशार होती, पण अव्यवस्थितपणाची कमाल. वेणी अर्धी सुटलेली, फाईलमधले कागद उलटेसुलटे, पाठाचं टाचण कायम वसतिगृहावर विसरलेलं. तासाला उशिरा यायची आणि दारात उभी राहून हसायची. मला अशी माणसं सोसत नाहीत. तिला मात्र सगळे सोसत होते, शिपाईसुद्धा.

प्रत्येक विद्यार्थिनीनं एका मुलाचं काही महिने निरीक्षण करायचं आणि अहवाल लिहायचा, असं आमच्याकडे होतं. हिला मूल मिळेना. म्हणजे हिनं शोधलंच नाही. मुदत संपत आल्यावर ती स्टाफरूममध्ये आली.

"मॅडम, तुमचीच मुलगी घेऊ का?"

"घेऊ का म्हणजे? भाजी आहे का ती?"

"तसं नाही ओ मॅडम. पण तुमचं घर वसतिगृहाजवळ आहे की. मला उशीर होणार नाही."

हे कारण मला पटलं, म्हणून मी हो म्हटलं. वेळ लिहून दिली, नियम लिहून दिले. मुलीला खाऊ द्यायचा नाही, उत्तर सुचवायचं नाही, नोंद त्याच दिवशी करायची. तिनं तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. पुन्हा तो उघडल्याचं मी पाहिलं नाही.

पहिल्या आठवड्यातच माझी मुलगी दुपारी पायरीवर जाऊन बसायला लागली. ताई, म्हणजे ही विद्यार्थिनी, यायच्या आधीपासून. मी कॉलेजातून येताना लांबून ती दिसायची आणि मला वाटायचं, माझीच वाट बघतेय. जवळ आल्यावर ती माझ्या मागं बघायची.

"ताई नाही आली?"

मग आतल्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे. मी स्वयंपाकघरात असायचे. तांदूळ निवडायचे, भांडी पुसायचे, आणि माझे कान तिकडं असायचे. माझी मुलगी बोलत होती. सलग, श्वास न घेता, वाक्यामागून वाक्य. मोजत होती, अक्षरं जोडत होती, ताईवर ओरडत होती, "असं नाही गं, किती वेळा सांगू!" जो आवाज मला दिवसभरात एकदा मिळत नव्हता तो परक्या मुलीला तासभर फुकट मिळत होता.

एकदा ताईसाठी तिनं शेंगदाण्याचा अर्धा लाडू वाटीखाली झाकून ठेवला. लाडू मी केले होते.

माझे यजमान शिरवळच्या कारखान्यात होते. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळी थकून यायचे. त्यांना मी हे सांगितलं तर बूट काढता काढता म्हणाले, "तुझी विद्यार्थिनी, तुझीच मुलगी, तुझ्याच घरात. मग परीक्षा नक्की कुणाची चाललीय?"

"तुम्हाला चेष्टा सुचते."

"चेष्टा नाही. तुझा चेहरा बघ आरशात. शेजारणीनं नवं पातळ घेतल्यासारखा झालाय."

मला झोंबलं, कारण तसंच होतं. हेवा वाटत होता. तोही कुणाचा? जिला मुलाच्या वाढीच्या अवस्थांची नावं धड क्रमानं सांगता येत नव्हती तिचा.

मग ती डोंगरांची दुपार आली. पुस्तकात एक प्रसिद्ध प्रयोग होता. टेबलावर तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवायची, मुलाला एका बाजूला बसवायचं, समोरच्या बाजूला बाहुली ठेवायची आणि विचारायचं, बाहुलीला काय दिसतं? सातच्या आतली मुलं बहुधा स्वतःला जे दिसतं तेच सांगतात. दुसऱ्याच्या जागेवरून जग वेगळं दिसतं हे त्यांना अजून उमगलेलं नसतं. वर्गात मी हा प्रयोग साताऱ्याचेच डोंगर घेऊन समजवायचे. अजिंक्यतारा, यवतेश्वर, जरंडेश्वर. सातारकराला दिशा विचारली की तो आधी मान वर करतो, म्हणून हे उदाहरण इथल्या मुलींना लगेच कळायचं.

सांगलीच्या मुलीला कळलं नव्हतं. तिच्या गावाला नदी आहे, डोंगर नाही. तिनं मातीचे तीन डोंगर करून आणले आणि आमच्या फरशीवर मांडले. टॉवर म्हणून आगकाडी खोचलेली. मी दाराआड भाजी चिरत होते.

"हा यवतेश्वर," ती म्हणाली.

"ए, हा अजिंक्यतारा!" माझी मुलगी किंचाळली. "टॉवर कशावर आहे? रोज वर दिसतो तरी तुला माहीत नाही?"

"मला सगळे सारखेच दिसतात गं. एक उंच, एक त्याहून उंच."

"मग तू घरी कशी जातेस?"

"विचारत विचारत."

मुलगी इतकी हसली की तिला उचकी लागली. मग तिनं तिन्ही डोंगर उचलून नीट जागेवर मांडले. ताई बाहुली आणायला विसरली होती, म्हणून ती स्वतःच पलीकडं पालथी पडली, हनुवटी फरशीला टेकवून.

"सांग, मला इथून काय दिसतंय?"

मी सुरी खाली ठेवली. उत्तर मला माहीत होतं. पाच वर्षांचं मूल स्वतःला दिसतं तेच सांगणार.

"तुला जरंडेश्वर पुढं दिसतोय," मुलगी म्हणाली. "अजिंक्यतारा त्याच्या मागं गेलाय. काडीचं टोक दिसतंय फक्त." मग ती म्हणाली, "पण ती काडी म्हणजे टॉवर, हे मी सांगितलं म्हणून तुला कळलं."

ताई उठून बसली. "अगं बाई, माझा प्रयोगच फसला! मॅडम, हिला सगळं दिसतंय की! आता काय लिहू?"

"जे झालं ते लिही," मी आतून म्हणाले. आवाज कोरडा निघाला.

एवढ्यावर पुस्तक खोटं ठरत नाही, हे मला कळत होतं. मातीचे ढीग तीनच होते, ओळखीचे होते, पलीकडं बाहुली नव्हती, खरं माणूस होतं. ही सगळी कारणं मी मनात नीट मांडली. पण मला सलत होतं ते पुस्तक नव्हतं. मुलीनं जे ताईला दिलं ते मला दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ताई यायच्या आत मी तेच डोंगर मांडले. मीही पलीकडं बसले. पालथी पडले नाही, साडी होती.

"सांग बघू, मला काय दिसतंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुला दिसतंय ना?"

"हो."

"मग मला कशाला विचारतेस?"

मी म्हणाले, "बरं, समज मला डोंगरांची नावं माहीत नाहीत. तू सांग."

"तुला माहीत आहेत."

"समज ना गं, नाहीत."

"तू खोटं खोटं विचारतेस," ती म्हणाली. "ताईला खरंच येत नाही." आणि उठून पायरीवर गेली.

त्या दुपारी मी डोंगर तसेच फरशीवर सोडले. माझ्या घरात पसारा राहावा असा दिवस क्वचितच यायचा. आजवर तिला विचारलेले प्रश्न मी आठवून पाहिले. ज्याचं उत्तर मला आधी ठाऊक नव्हतं असा एकही नव्हता. शिक्षक असाच विचारतो. मला विचारायची दुसरी रीतच येत नव्हती. आणि त्या पोरीला काही येत नव्हतं, हेच तिचं भांडवल, ह्याचा मला आणखीच राग आला. न येणं कुठं शिकायचं? त्याचा अभ्यासक्रम कुणी काढला होता?

अभ्यासक्रम संपला. तिचा अहवाल गबाळा पण चांगला होता, गुण द्यावेच लागले. ती सांगलीला गेली आणि पायरी ओस पडली. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. माझ्याशी बोलणं होतं त्याहून कमी झालं. शाळा सुरू व्हायला फार दिवस उरले नव्हते. जाताना ताईनं एका रविवारी आम्हाला सांगलीला बोलावलं होतं. मला जायचं नव्हतं, पण मुलीनं फ्रॉक आदल्या दिवशीच उशाशी घेतला होता.

पहिल्या गाडीनं निघालो. पाणी, बिस्किटं, टॉवेल, जास्तीचा फ्रॉक, सगळं पिशवीत होतं. पत्ताही होता. तो ताईनं सांगितला तसा मी लिहून घेतला होता: हळदीच्या वखारीमागची गल्ली, निळं दार. स्टँडवरून चालतच निघालो. सकाळ होती, ऊन अजून तिरपं होतं, हवेत हळदीचा उग्र वास होता. दोनचार वळणं घेतल्यावर मी एका किराणा दुकानदाराला विचारलं, "हळदीची वखार कुठं हो?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आवं बाई, हितं सगळ्या वखारी हळदीच्याच हायत. कंची सांगू?"

"मागच्या गल्लीत निळं दार आहे."

"मागं तर समद्याच्याच गल्ली हाय की." आणि तो पुडी बांधायला लागला.

आणखी तीन गल्ल्या फिरलो. सगळीकडं तीच पोती, तसेच दगडी ओटे. मी थांबले आणि सवयीनं मान वर केली. वर नुसतं आभाळ. चारी बाजूंना सारखं, सपाट. कुठल्याच टोकाला काही उभं नव्हतं. स्टँड कुठल्या अंगाला राहिलं हे मला सांगता येईना.

"आई, चल ना."

"कुठं?" मी म्हणाले. "मला कळत नाही गं आपण कुठं आहोत."

तिनं झटकन माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलतेय का, हे ती चेहऱ्यावर शोधत होती. तिला ते सापडलं नसावं.

"खरंच?"

"खरंच. स्टँड सापडलं तर पुन्हा पहिल्यापासून येऊ. पण तेही कुठं ते कळेना."

ती पायाकडं बघत उभी राहिली. मी घाई केली नाही, करण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतंच. मग ती म्हणाली, "स्टँडवरून येताना सावली आपल्या पुढं चालत होती. मी तिच्यावर पाय देत होते."

"बरं?"

"आता परत जायचं तर ती मागं यायला पाहिजे." तिनं मला हाताला धरून फिरवलं. ऊन डोळ्यांवर आलं. "अशी. चल."

मी तिच्या मागून गेले. दोनदा ती थांबली, मागं वळून सावली बघितली, ओठांतल्या ओठांत गल्ल्या मोजल्या. एके ठिकाणी रस्ता वाकडा होता तिथं ती अडली आणि मला विचारलं, "आता?" मी म्हणाले, "मला वाटतं डावीकडं. तुला?" तिनं विचार केला. "मला पण." स्टँड दिसलं तेव्हा तिनं माझा हात सोडून उडी मारली. तिथून रिक्षा केली. रिक्षावाल्याला ताईच्या वडिलांचं नाव सांगताच त्यानं ओळखून मान डोलावली. हे आधी करता आलं असतं, पण सुचलं नव्हतं.

निळ्या दारात ताई उभी होती, वेणी सुटलेलीच. मुलगी धावत गेली आणि तिच्या कमरेला मिठी मारली. माझ्या हातात पिशवी. पुन्हा तेच, मला वाटलं. इथवर मी आले आणि मिठी हिला.

"मॅडम, उशीर केलात! तुम्ही आणि उशीर?"

"आई चुकली!" मुलगी म्हणाली, आणि ताईच्या मांडीवर बसून तिनं सांगायला सुरुवात केली. आम्ही शंभर गल्ल्या फिरलो होतो. दुकानदाराला दात नव्हते. एक बैल आमच्या अंगावर आला होता. बैल उभा होता, दुकानदाराला दात होते. माझ्या तोंडाशी आलं, मी चहाचा घोट घेतला.

"आणि मग आईला काहीच माहीत नव्हतं. खरंच नव्हतं! मग त्या वाकड्या रस्त्यावर..." ती अडली. "आई, तिथं काय होतं गं, कोपऱ्यावर?"

मी आठवून बघितलं. "मला नाही आठवत. माझं लक्षच नव्हतं. काय होतं?"

ती ताईच्या मांडीवरून उतरली, खोली ओलांडून माझ्यापाशी आली आणि माझ्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले.

"मला पण सांग की गं," ताई मागून म्हणाली.

"थांब तू," मुलगी तिच्याकडं न बघता म्हणाली. "आधी आईला सांगते."