अपेक्षा काय तुमच्या?

“अपेक्षा काय तुमच्या?” आमच्या साहेबांनी विचारलं.

समोरच्या पोरीनं मान आणखी खाली घातली. “देण्याघेण्याचं आण्णा बोलतील,” ती पुटपुटली.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅन्टीनच्या छताकडे पाहिलं. हसले असते तर पोर रडली असती.

इंटरव्ह्यूत अपेक्षा म्हणजे पगार किती हवा. आमच्याकडच्या घराघरांत अपेक्षा म्हणजे हुंडा आणि मानपान. वनितानं तिला माहीत असलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, इतकंच.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यातल्या एका कारखान्यात मी पर्सोनेल ऑफिसर होते. म्हणजे भरती, रजा आणि भांडणं. हल्ली त्याला एचआर म्हणतात, भांडणं तीच आहेत. आमच्याकडे डिप्लोमा झालेली पोरं यायची. मार्क झकास, पण समोर तीन माणसं बसली की दातखीळ. मला त्याचा भारी संताप यायचा. म्हणून शनिवारी दुपारी कॅन्टीनमध्ये मी मॉक इंटरव्ह्यू सुरू केले. मॉक म्हणजे लुटुपुटूचा. खऱ्याची भीती आधीच मोडून टाकायची.

वर्क्स मॅनेजर साहेब म्हणाले होते, “मॅडम, कशाला हा नसता उद्योग?” कांदाभजी मिळतील म्हटल्यावर पॅनेलवर येऊन बसले.

वनिता रहिमतपूरजवळच्या खेड्यातली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. पुढच्याच आठवड्यात सांगलीच्या एका मोटारपंपाच्या कंपनीत तिचा खरा इंटरव्ह्यू होता. आईची ठेवणीतली साडी नेसून आली आणि तिच्या मागोमाग तिचे वडील येऊन खुर्ची ओढून बसले. फौजेतून रिटायर झालेले हवालदार. मिशा अजून नोकरीवर होत्या.

“आपण बाहेर बसा,” मी म्हटलं.

“आवं मॅडम, पोरीला एकटी कशी सोडायची?”

“तुम्ही भरतीला गेलात तेव्हा तुमचे वडील मैदानात आले होते का?”

हवालदार उठले. दारापाशी थांबून म्हणाले, “एक सांगतो. फलटणचे पाव्हणे होकाराला थांबल्यात. मानसं चांगली हायत, पर सून नोकरीला जायची न्हाई म्हणत्यात. सांगलीचं जमलं तर मी त्यास्नी थांबवीन. न्हाई जमलं तर माज्याजवळ बोलायला तोंड न्हाई.”

म्हणजे पोरीचा सगळा जीव त्या एका इंटरव्ह्यूत अडकला होता.

आणि ही बाई काय करत होती? आल्या आल्या वाकून तिनं साहेबांच्या पाया पडायचा घाट घातला. बसली ती खुर्चीच्या कडेला. नाव विचारलं तर कुळासकट सांगितलं.

“तुमचा वीकनेस काय?” साहेबांनी इंग्रजी छापाचा प्रश्न टाकला. म्हणजे स्वभावात काय कमी आहे.

“डाव्या डोळ्याला नंबर हाय. बारीकच हाय. आधी सांगितल्यालं बरं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोरीला इंटरव्ह्यू नवा नव्हताच! तिला बघायला तीन-चार स्थळं येऊन गेली होती. कांदेपोह्यांच्या त्या बैठकीत तिची तालीम पक्की झाली होती. मान खाली, आवाज खाली, बोलायचं ते वडिलांनी.

मी म्हटलं, “वनिता, ऊठ. साहेब, तुम्हीही उठा. खुर्च्या बदला.”

“मॅडम, मी?” साहेब म्हणाले.

“तुम्हीच. वनिता, आज तू बघायला आली आहेस. हे स्थळ. काय विचारायचं ते विचार.”

ती साहेबांच्या खुर्चीत बसली. पदर सारखा केला. मग विचारलं, “आधीची नोकरी का सोडलीसा?”

साहेब गडबडले. “म्हणजे... तिथल्या बॉसशी पटेना.”

“चूक कुणाची हुती?”

“तशी दोघांचीही.”

“काही व्यसन?”

साहेबांचा हात शर्टाच्या खिशावर गेला. तंबाखूची डबी तिथंच होती. वनितानं ती बघितली आणि मान ताठ करून म्हणाली, “आधी सांगितल्यालं बरं असतं.”

दाराबाहेरून हवालदारांचं खॅक्कन हसू ऐकू आलं. साहेब भजी न खाताच निघून गेले. जाता जाता मला म्हणाले, “पोरगी तयार आहे.”

इंटरव्ह्यू झाल्यावर वनिता सांगलीहून भडंगाचा पुडा घेऊन थेट माझ्या ऑफिसात. “मॅडम, जमलं!”

“अपेक्षा विचारल्या का?”

“व्हय. मी पगार सांगितला. मग इचारलं, टेस्टिंगच्या खात्यात बायकांसाठी वेगळं बाथरूम हाय का? सगळे एकमेकांकडं बघाय लागले. न्हवतंच! म्हटलं, मग ही माजी पयली अपेक्षा.”

मला उठून तिला मिठी मारावीशी वाटली. मारलीच. बाथरूम बांधून झाल्यावर ती कामावर रुजू झाली.

काही महिन्यांनी हवालदार आले. मिशा जरा उतरलेल्या.

“मॅडम, तुमी पोरीला काय शिकीवलंसा? फलटणचे पाव्हणे परत आल्ते. आमची कायबी अपेक्षा न्हाई म्हणाले. तर ही म्हणती, माजी हाय! आन् पोराला इचारती, तुमचा वीकनेस काय?”

“अगं बाई! मग?”

“पोरगं लाल. मग म्हणलं, आईपुढं बोलता येत न्हाई.”

“आई तिथंच?”

“शेजारीच की! आमची पोरगी म्हणती, मग आत्ताच बोला. मी सांगलीत नोकरी करनार. चालंल का?”

हवालदारांनी खिशातून लग्नाची पत्रिका काढून माझ्या टेबलावर ठेवली.

“आईकडं बघितलं त्येनं. पानी प्यालं. आन् म्हणलं, चालंल.”

रिटायर होईपर्यंत मी पॅनेलवर बसले. वीकनेस विचारला की सगळे तेच पाठ केलेलं सांगायचे, मी फार मेहनत करतो. खरं उत्तर देणारा तो फलटणचाच एक. आणि त्याला तर सरावही नव्हता.