पंख पुसता येतो, हवा नाही

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, ऐन मे महिन्यात, आमच्या तुकडीला एक्सरसाइजसाठी सिंदी रेल्वे या गावाजवळ पाठवलं. मी हवालदार, विमानाचा फिटर. माझं गाव पवनार. घर इतकं जवळ, पण सुट्टी मिळाली नाही. एका पडीक शेताच्या पट्ट्यावर आमचं छोटं विमान उतरायचं.

रोज पहाटे मी पंखाची पुढची कड ओल्या फडक्यानं पुसायचो. चिकटलेले किडे, धूळ, सगळं काढायचो. मग आमचे पायलट कॅप्टन सोढी कडेवर तळहात फिरवून बघायचे. एकदा जीपनं जाताना धाम नदीवर थांबून त्यांनी मला खडकावरून सरकणारं पाणी दाखवलं. हवा पंखावरून अशीच थराथरानं जायला हवी, म्हणाले. कड खरखरीत असली की थर विस्कटतात. त्यात वेग कमी आणि खालून हवेचा धक्का बसला, तर हवा पंख सोडते. मग विमानाचा धोंडा होतो.

"पंख तू पोंछ देता है," ते हसले, "हवा कौन पोंछेगा?"

म्हणून ऊन चढल्यावर उड्डाण नाही, असा नियम त्यांनीच केला होता. काळी जमीन तापली की वरची हवा भाताच्या आधणासारखी खदखदते.

तो नियम त्यांनीच मोडला. एकदा भर दुपारी जीप उलटून एक जवान जबर जखमी झाला. रस्त्याचे धक्के त्याला सोसणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. सोढी तेव्हा विमानासह नागपूरला होते. ते लगेच निघाले. वायरलेस सेट माझ्याकडे होता.

"स्ट्रिप क्लिअर?"

"क्लिअर, सर. एअर व्हेरी रफ. ओव्हर."

"रॉजर. लडके को तैयार रखो."

वारा कळावा म्हणून आम्ही पट्ट्याच्या टोकाला डब्यात ओलं गवत जाळायचो. शेजारच्या शेताचे रघोबाजी हे रोज बघत. सोढींवर त्यांचा भारी जीव. वांगी आणून द्यायचे. त्या दुपारी डब्यातला धूर उन्हात विरत होता. विमान घिरट्या घालताना बघून त्यांना वाटलं, सायबाले धूर दिसून नाई राह्यला. भल्या मनानं त्यांनी पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळक्या काड्यांचा, अख्खा ढीग पेटवला. बरोबर उतरायच्या वाटेखाली.

"गो अराउंड! गो अराउंड!" उतरू नका, परत वर जा, म्हणून मी सेटवर ओरडलो.

विमान खाली येतच राहिलं. जाळावर येताच एक पंख उचलला गेला, दुसरा खाली गेला आणि विमान एका अंगावर कोसळलं. सोढी जागीच गेले. जवानाला शेवटी मालगाडीच्या गार्डच्या डब्यातून नागपूरला नेलं. तो वाचला. ती गाडी आधी आली असती तर सोढी निघालेच नसते, म्हणून तिचा मला फार दिवस राग येत राहिला.

मी रिटायर होऊन आलो तेव्हा रघोबाजी मुद्दाम पवनारला आले. खाटेवर टेकले.

"खरं सांगजो, हवालदार. माह्या आगीनं पडले का सायब?"

खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आगीनं पडले, रघोबाजी. पन हवा आधीच खवळून राह्यली होती. सायबाले ठाऊक होतं. तरी आले."

ते खाटेवरून उठले. मग म्हणाले, "मी पऱ्हाटी जाळत नाई आता."

दर मे महिन्यात आम्ही दोघं त्या पडीक शेताच्या बांधावर जातो. विमान पडलं तिथं एक दगड ठेवला आहे. मी तो ओल्या फडक्यानं पुसतो. रघोबाजी त्यावरून तळहात फिरवून बघतात.