गोड बोलणारी माय

मनकर्णाबाईंची जीभ अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. जळगाव जामोदच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा भाजीचा मळा. वांगी, मिरच्या, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हापासून मळा त्यांनी एकटीनं ओढला आणि माल बाजारात मांडून विकलाही स्वतःच. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की म्हणायच्या, "नुसतं पाहून घे. पाह्याचे पैसे नाई घेत मी." आजूबाजूचे हसायचे आणि गिऱ्हाईक मुकाट पिशवी पुढं करायचं.

ही जीभ संध्याकाळी घरी आली की तिच्या पुढ्यात एकच माणूस असायचं, थोरली लेक बेबी. धाकट्या गोकुळच्या वाट्याला दुधावरची साय आणि बेबीच्या वाट्याला जीभ, अशी त्या घरातली वाटणी होती. बेबी लहान असताना एकदा दुकानावर बसली होती. एका म्हातारीला तिनं सांबाराच्या जुडीवर चार काड्या जास्त दिल्या. मनकर्णाबाईंनी भर बाजारात, पलीकडच्या ओळीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हे पाहा माह्या घरचं दानशूर! हिच्या हाती मळा देल्ला त आठ दिसात वाळवंट करून दाखवीन." सगळे हसले. जिला काड्या मिळाल्या होत्या ती म्हातारीही हसली. बेबीच्या डोक्यात जन्मभर राहिलं ते त्या म्हातारीचं हसणं.

पुढं पाहायला मंडळी आली तेव्हा आईनं त्यांना सांगितलं, "पोरगी कामाले बरी हाये. डोक्शाचं मी काई सांगत नाई." तरीही नांदुऱ्याच्या मोतीरामनं होकार दिला. मोतीराम जिनिंगमध्ये काट्यावर कापसाची वजनं घ्यायचा आणि घरात फार बोलायचा नाही, त्यामुळे बेबीताईला तो आवडला. मुलगी झाली, प्रेरणा. मनकर्णाबाई दवाखान्यात आल्या, दुपट्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "नाक तुहंच घेतलं वाटते. बिचारी."

बेबीताईनं आईला कधी उलट उत्तर दिलं नाही. लोक म्हणायचे, गरीब स्वभावाची आहे. गरीब वगैरे काही नव्हती ती. आईच्या बोलण्याला उत्तर देण्याचीही आईची लायकी नाही, असं तिनं कधीतरी मनाशी ठरवून टाकलं होतं. जिनं आयुष्यभर वांगी दाबून पाहिली, तिनं माणसंही तशीच दाबून पाहिली. तिच्याशी काय बोलायचं? बेबीताई घरात पिको-फॉलचं मशीन घेऊन बसली, ब्लाऊज शिवू लागली, गल्लीत तिचं नाव झालं. माहेरी गेली तर चहा पिऊन निघायची.

आणि मग मनकर्णाबाई विहिरीजवळ घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

गोकुळ पुण्याहून आला. ऑपरेशन झालं. पुण्यात गेल्यापासून गोकुळची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली होती. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो म्हणाला, "ताई, आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टचं तर तुला माहितीच आहे, कायम बंद. तुझ्याकडे सगळं कसं खालीच आहे." जणू खाली राहणं हा तिच्याकडून झालेला गुन्हा होता आणि तो मोठ्या मनानं माफ करत होता. त्याची बायको अनुपमा शेजारी उभी राहून मान हलवत होती. बेबीताईनं दोघांकडे पाहिलं. यांच्याशी वाद घालायचा म्हणजे आपलं तोंड खराब करून घ्यायचं, असं वाटून ती म्हणाली, "नेतो आम्ही."

मळा बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिला गेला आणि मनकर्णाबाई नांदुऱ्याला लेकीकडे, प्रेरणा नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून रिकाम्या असलेल्या पुढच्या खोलीत आल्या.

बेबीताईनं कंबर कसली होती. आता रोज उठून ऐकायचं: भाकर जाड, वरण पातळ, घर अंधारं, जावई मुका. पहिल्या दिवशी तिनं आलू-वांग्याची भाजी वाढली आणि वाट पाहत उभी राहिली. मनकर्णाबाईंनी घास घेतला, वर पाहिलं आणि म्हणाल्या, "लय बेस झाली वं भाजी. तुह्या हाताले चव हाये."

बेबीताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

पण ते रोजचंच झालं. घर लय हवेशीर. जवाईबापू म्हणजे देवमाणूस. शिवणकाम त असं का मशीनलेही हेवा वाटन. पाणी प्यायचं असलं तरी "पानी घेऊ का वं बाई?" असं विचारून घ्यायच्या. शेजारच्या सत्यभामाबाई दुपारी येऊन बसायच्या, त्यांच्यासमोर तर धारच लागायची. "माह्या बेबीवानी लेक मिळाले नशीब लागते." सत्यभामाबाई डोळ्याला पदर लावायच्या आणि जाताना दारात बेबीताईचा हात धरून म्हणायच्या, "भाग्यवान आहे तू. आईची सेवा अशी सगळ्यायले भेटत नाई." बेबीताई हात सोडवून घ्यायची. या बाईनं स्वतःच्या सासूला मागच्या पडवीत जेवायला बसवलेलं अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं.

जन्मभर जिच्याकडून एक चांगला शब्द मिळावा म्हणून बेबीताई झुरली होती, तिच्याकडून आता पाटीनं शब्द येत होते. पण ते बाजार उठताना उरलेल्या मालासारखे होते. कोणी घेवो न घेवो, पाटी रिकामी करायची म्हणून ओतलेले. त्या जुन्या शिव्यांत निदान माल ताजा असायचा.

तिनं पारखून पाहायचं ठरवलं. एक दिवस भाजीत मीठ दुप्पट टाकलं. मनकर्णाबाई तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आज कशी झणझणीत झाली." दुसऱ्या दिवशी भाकर एका बाजूनं करपवली. "खमंग लागते." मग बेबीताईनं त्यांना नवा ब्लाऊज शिवला आणि एक बाही मुद्दाम दोन बोटं घट्ट ठेवली. मनकर्णाबाईंनी तो दिवसभर अंगात ठेवला. "माप म्हंजे माप!" सत्यभामाबाईंना त्यांनी हात वर करून दाखवलाही. संध्याकाळी बेबीताईनं आईच्या अंगातून ब्लाऊज काढला तेव्हा दंडावर लाल वळ उठला होता. तिला किळस आली. आईची आली की स्वतःची, हे तिनं तपासलं नाही. ब्लाऊज उसवला, बाही सैल केली आणि कोपऱ्यात फेकला.

"म्हातारं मानूस हाये," मोतीराम म्हणाला. "वयानं बदलते."

"बदललं नाई थे. भ्यायलं हाये," बेबीताई म्हणाली. "शिव्या देत होती तवा मले तिचा राग येत होता. आता नुसती शिसारी येते. वाघीन म्हनून जिले भ्यालो थे दारातलं मांजर निघालं."

उन्हं तापायला लागली तशी मनकर्णाबाई वॉकर धरून चार पावलं टाकू लागल्या. बाजाराच्या दिवशी बेबीताईनं ऑटो बोलावला. "चाल माय, भाजी आनू." मनकर्णाबाईंचे डोळे क्षणभर चमकले, पण लगेच त्या म्हणाल्या, "तू म्हंशील तसं."

बाजारात बेबीताई एका ढेरपोट्या भाजीवाल्यासमोर थांबली. त्याच्या ढिगातून तिनं एकेक वांगं निवडलं: सुरकुतलेलं, देठ काळा पडलेलं, भोक असलेलं. आईच्या डोळ्यांसमोर धरून ते पारड्यात टाकलं. मनकर्णाबाईंची बोटं वॉकरच्या दांडीवर आवळली.

"घेऊ न माय?"

"घे न बाई. तुले समजते."

भाजीवाल्यानं भाव सांगितला. बाजारात कोणीही तोंडावर फेकून मारला असता असा भाव. "बरं," बेबीताई म्हणाली आणि पर्स उघडली. "आणि सांबारही द्या," बेबीताईनं पिवळी पडलेली, पाण्यानं लगदा झालेली जुडी उचलली. "हे ताजं दिसते."

"ठेव थे खाली!"

आवाज असा निघाला की पलीकडचा कांदेवाला उठून उभा राहिला.

"ठेव म्हंते न! भैताड! पन्नाशीले आली आन् सांबार समजत नाई तुले? थे गुरायनं खाल्लं त गुरं मरतीन! आन् तू रे," मनकर्णाबाई भाजीवाल्याकडे वळल्या, "किडे मोजून इकतं का? वांग्याचा भाव येगळा न किड्याचा येगळा? माह्या मळ्यातले असे वांगे मी उकिरड्यावर टाकले, उकिरड्यानं घेतले नाई! आन् ही पाहा, ही म्हंते बरं! हिले कोनी बी लुटावं! माह्या पोटी जन्मून हिले येक वांगं निवडता येत नाई!"

गर्दी जमली. कोणी हसलं. बेबीताई पर्स उघडी ठेवून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर चिडल्याची खूणसुद्धा नव्हती.

तेवढ्यात मनकर्णाबाईंच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा उतरला. "चुकलं वं बाई," त्या पुटपुटल्या. "तोंडातून निंगून गेलं. मले तथी नोको धाडू."

"कुठी?"

"आश्रमात."

बेबीताईनं त्यांना धरून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. मग हळूहळू निघालं. दवाखान्यात मनकर्णाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. झोपल्यात असं समजून गोकुळ अनुपमाला सांगत होता की ताईचं काही खरं नाही, आईचं न् तिचं कधी जमलं नाही, ताईनं महिन्याभरात हात वर केले तर पुण्याजवळ एक वृद्धाश्रम पाहून ठेवलाय. अनुपमा म्हणाली होती, आत्ताच नाव नोंदवून टाकू.

"म्हनून तू माही खारट भाजी खाल्ली?"

"खारट?" मनकर्णाबाईंनी डोळे पुसले. "गाईनं तोंड लावलं नसतं तिले."

"आन् ब्लाऊज?"

"हात सडला असता माहा."

बेबीताई हसली. मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. मग हसणं थांबवून ती आईच्या समोर उकिडवी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं आईला उत्तर दिलं. "ऐक माय. आश्रमात मी तुले धाडत नाई. तुही दया येते म्हनून नाई. तथल्या लोकायनं काय पाप केलं?"

मनकर्णाबाईंनी वॉकर पुढं ओढला. म्हणाल्या, "थ्या पलीकडच्या कोपऱ्यात चांगले वांगे हायेत. येतानाच पाह्यले मी. ऊठ."

त्या दिवसापासून घरात रणकंदन सुरू झालं. मनकर्णाबाई सकाळच्या चहापासून सुरू व्हायच्या आणि आता बेबीताई प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायची. भाकर जाड म्हटलं की "दात हायेत का पातळ खायाले?" घर अंधारं म्हटलं की "तुह्या वाड्यात झुंबर होते नं?" मोतीराम काट्यावर जास्त वेळ थांबू लागला. सत्यभामाबाईंना हे सोसवेना. एका दुपारी त्या दारातच उभ्या राहिल्या. "माय-लेकीचं असं बोलनं ऐकवत नाई हो."

"मंग खिडकी लावा तुमची," बेबीताई म्हणाली.

"आन् सासूले पडवीतून आत घ्या," आतून मनकर्णाबाई म्हणाल्या. सत्यभामाबाई नंतर फिरकल्या नाहीत. कोणाला त्यांची आठवणही झाली नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गोकुळ आणि अनुपमा आले. लेकींनी माहेरी यायच्या सणाला आईच लेकीकडे होती, म्हणून तेही आले असं गोकुळनं दारातच सांगितलं. आंब्यांची पेटी आणली होती. आल्याबरोबर त्यानं आईच्या गळ्यात हात टाकून मोबाईलवर फोटो काढला आणि तिथंच उभा राहून कुठंतरी पाठवला.

"आई, किती छान दिसताय तुम्ही," अनुपमा म्हणाली. "आम्हाला ना सारखी तुमची आठवण येते."

"येऊ दे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आठवनीले लिफ्ट लागत नाई."

गोकुळ हसल्यासारखं करून म्हणाला, "आई, ताईला त्रास होत असेल तर सांग हं. काहीतरी सोय पाहू आपण."

"पाह्यली न तू. नाव नोंदवलं का रे मंग? का माह्या मरनाची वाट पाहून राह्यला, फुकट सुटन म्हनून?"

गोकुळनं झटकन बेबीताईकडे पाहिलं. "हे ताईनं भरवलं तुझ्या मनात?"

"तिले भरवता येत असतं त मी इतकी वाळली नसती. माह्या कानानं ऐकलं मी. तुही बायको त म्हने आत्ताच लिहून टाकू."

अनुपमा उठून नळाकडे हात धुवायला गेली. हात कशाला धुतले ते तिलाच माहीत. गोकुळ काहीतरी बोलू लागला, ऑफिस, मुलांच्या परीक्षा, डॉक्टर काय म्हणाले होते, आणि बोलता बोलता त्याची इस्त्री मोडली. "मले काय माहीत होतं तू जागी हाये," तो म्हणाला. वऱ्हाडी तोंडातून निघाल्यावर तो स्वतःच दचकला.

बेबीताई दाराला टेकून हे पाहत होती. या क्षणासाठी ती चाळीस वर्षं थांबली होती. आता तो आला तर त्याला चवच नव्हती. समोर घामानं शर्ट ओला झालेला, टक्कल पडू लागलेला, आईची नजर चुकवणारा एक माणूस बसला होता. या एवढ्याशा माणसाचा आपण हेवा केला, तिला वाटलं. याच्या वाटीतल्या सायीसाठी आपण रडलो. तिला गोकुळपेक्षा स्वतःचीच जास्त कीव आली, आणि कीव तिला मुळीच आवडत नसे.

दोघं पुरणपोळी अर्धी टाकून उठले. गाडी गल्लीच्या वळणावर गेली. पेटी तशीच राहिली होती. मनकर्णाबाईंनी एक आंबा हातात घेतला, हुंगला. "पावडरीनं पिकवला. वरून पिवळा, आतून कोयीपर्यंत कच्चा." मग आंबा पेटीत टाकून म्हणाल्या, "पोट्ट्याले मीच बिघडवलं."

इथं दुसऱ्या कोणत्याही लेकीनं 'नाही गं माय' म्हटलं असतं.

"हाव," बेबीताई म्हणाली. "तूच."

बेबीताईनं त्यातल्या त्यात पिकलेले आंबे निवडून रस काढला, आईला वाटी दिली. मनकर्णाबाईंनी ओठ लावला, तोंड वाकडं केलं आणि वाटी रिकामी केली.

"आंबट हाये. वाढ अजून."

बेबीताईनं वाढलं. थोडा रस आईच्या लुगड्यावर सांडला.

"धड वाढता येत नाई."

"धड धरता येत नाई," बेबीताई म्हणाली, आणि तिनं फडकं आणायला उठण्याऐवजी स्वतःची वाटी भरून घेतली.