चपड्याचा कारागीर आणि आमचा ठराव

आमच्या वाचनालयाला दरवर्षी एक जाहीर वादविवाद घ्यावाच लागे, कारण घटनेत तशी तरतूद होती आणि घटना वकीलसाहेबांनी लिहिली होती. ते अध्यक्ष, मी चिटणीस. दिवसा मी मिडल स्कूलमध्ये भूगोल शिकवी. विज्ञान हे शाप की वरदान, स्त्रीने अर्थार्जन करावे की गृह सांभाळावे, असले विषय आम्ही घेत असू. त्यात विज्ञानाचं काही बिघडलं नाही आणि स्त्रियांचंही नाही. फाळणीला सहा-सात वर्षं झाली असतील त्या सुमाराला मात्र आम्ही एक जिवंत माणूस विषय म्हणून घेतला.

तो लाखेच्या कारखान्यात चपडा ताणायचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. देवरीच्या जंगलातून पळसाची आणि कुसुमाची लाख गोंदियाला येई, धुऊन तिचे दाणे करत आणि ते दाणे सापासारख्या लांब कापडी पिशवीत भरत. पिशवी भट्टीसमोर धरायची, दुसऱ्या टोकाला एक माणूस ती पिळत राहायचा. कापडातून वितळलेली लाख पाझरे, ती ऊन पाण्याने भरलेल्या चिनी मातीच्या नळ्यावर पसरत आणि भाकरीसारखी सोलून काढत. पुढचं काम उस्तादचं. तो ती भाकर दोन्ही हातांत धरे, खालची कड पायाच्या बोटांत पकडे, वरची दातांत घेई आणि भट्टीच्या तोंडाशी उभा राहून सगळं अंग फाकवत जाई. बघता बघता माणसाएवढी सोनेरी चादर तयार होई, तिच्यातून पलीकडची भट्टी दिसे. ती थंड झाली की तिचे तुकडे करायचे, तो चपडा. कलकत्त्याला जाई, तिथून विलायतेला. ग्रामोफोनच्या तबकड्या त्याच्याच होत असं ऐकलं होतं. उस्तादने तबकडी कधी ऐकली नव्हती. त्याचे पुढचे दात चुन्याच्या खड्यासारखे झिजले होते.

त्याच्या बापाला शेठच्या बापाने मिर्झापूरहून आणलं होतं. हा स्वतः गोंदियाचा, रेल्वेलाइनच्या पलीकडे जन्मलेला. फाळणीनंतर थोरला भाऊ कराचीला गेला आणि त्याने पत्र लिहिलं, ये, बघून जा. बायको आणि मुलगी सासूकडे ठेवून उस्ताद बघायला गेला. जाताना कुणी काही विचारलं नाही. परतताना मात्र आधी परमिट लागलं, ते मिळेना. मग पासपोर्टाचा कायदा आला. कराचीच्या कचेरीत त्याला समजावलं की गोंदियाला जायचं असेल तर आधी पाकिस्तानी व्हावं लागेल, म्हणजे व्हिसा मिळेल. तो झाला. घरी पोचण्याचा तेवढाच रस्ता उरला होता. चार वर्षांनी तो आपल्या घरी पाहुणा म्हणून आला.

व्हिसा तीन महिन्यांचा. तो संपत आला की शेठ जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज करत: हे काम करणारा दुसरा इसम इथे नाही, सबब मुदत वाढवावी. खोटं नव्हतं. उस्ताद नसताना शेठनी जो जाड, चिकट चपडा काढला होता तो कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने परत पाठवला होता. मिर्झापूरहून नवा कारागीर आणावा तर त्याला बिऱ्हाड द्यावं लागे. उस्तादचं बिऱ्हाड सासूच्या घरी फुकट होतं. असे अर्ज दोन वर्षं चालले, आणि ते सगळे मीच लिहिले, कारण शेठचं इंग्रजी माझ्याहून वाईट होतं.

मग कचेरीतून विचारणा आली की स्थानिक इसमास हे काम शिकवण्याबाबत काय प्रयत्न केले. त्याच आठवड्यात वकीलसाहेबांनी विषय जाहीर केला: 'परकीय कारागिरांस देशात ठेवावे किंवा कसे'.

सभेला एवढी माणसं आली की वाचनालयाची कपाटं बाहेर काढावी लागली. शेठ पहिल्या रांगेत. उस्तादही आला होता, पण तो दाराबाहेर चपलांशी बसला. त्याला कुणी आत बोलावलं नाही आणि बाहेर जा असंही कुणी म्हटलं नाही.

अनुकूल बाजूने बोलणारे म्हणाले, लाख आपली, भट्टी आपली, दात तेवढे त्याचे. यावर हशा झाला. वकीलसाहेब उभे राहिले तेव्हा हशा थांबला. ते अर्धा तास बोलले. कार्थेजपासून सुरुवात केली. शेवटी म्हणाले, "प्रश्न एका माणसाचा नाही, सज्जनहो. प्रश्न तत्त्वाचा आहे." ते असं म्हणत तेव्हा त्या एका माणसाचं काही खरं नसे.

माझ्या मनात आलं ते मी बोललो नाही, म्हणून इथे लिहितो. वकीलसाहेब सांगलीकडून आले होते. शेठचे आजोबा मारवाडातून आले. मागच्या बाकांवरचे पोवार मालगुजार आपले पूर्वज माळव्यातून आल्याचं अभिमानाने सांगत. मी वर्धेचा. त्या सभेत गोंदियाच्या मातीत जन्मलेले जे होते त्यांतला एक चपला राखत बसला होता.

शेठ चिडून उठले. "वकीलसाब, बातें मत करो. हमारा आदमी जो काम करता है, वो कोई करके दिखा दे. मैं खुद इसको गाडी में बिठा दूंगा."

"कबूल?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कबूल."

"चिटणीस, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. परीक्षा पुढच्या रविवारी सकाळी, कारखान्याच्या अंगणात. तीन भाकरी. एक जरी चादर नीट उतरली तरी स्थानिक माणसाला काम येतं असं समजायचं. उस्तादने हजर राहावं, पण बोलू नये.

परीक्षेला बसणारा गोरेगावकडचा एक तरुण शेतकरी होता. घरची धानाची जमीन थोरल्या भावांत वाटली गेली, म्हणून तो कारखान्यात आला. दोन वर्षं उस्तादच्या पिशवीचं दुसरं टोक पिळत होता. त्याला या भानगडीत पडायचं नव्हतं. आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "गुर्जी, मी मुद्दाम फाडतो ना जी. काऊन त्या माणसाचं वाटोळं करून राहिले तुम्ही?"

मी म्हटलं, "तसं केलंस तर चांगलंच आहे."

माझ्याकडून एवढीच मदत झाली.

रविवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. पानाचं तबक फिरलं. पोलीस जमादार लिहायची वही घेऊन आला. परीक्षा डोळ्यांत भरावी म्हणून शेठनी उत्तम कुसुमाची लाख काढायला सांगितली होती, आणि ती निवडायला अर्थातच उस्तादलाच बसवलं. त्याने दोन दिवस लावून एकेक दाणा पाहिला. पळसाच्या लाखेपेक्षा कुसुमाची लाख उजळ. अशी लाख वर्षातून एखाद्या वेळीच निघते, हे तो मला आनंदाने सांगत होता, जणू त्याच्या मुलीचं लग्न होतं.

पहिली भाकर त्या तरुणाने हातातच गोळा केली. लोक हसले. दुसरी पायाच्या बोटांतून सुटली आणि त्याच्या पोटरीला चिकटली. त्याने आईला हाक मारली. लोक आणखी हसले. वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं. शेठनी दुसरं पान घेतलं. त्या तरुणाने या दोन मुद्दाम घालवल्या की नाही, मला आजही सांगता येणार नाही. भाजल्याचे फोड तरी खरे होते.

तिसरी भाकर नळ्यावरून सोलली तेव्हा उस्ताद भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. भाकर एकसारखी होती, कुठे गुठळी नाही. तरुणाने ती धरली, दातांत घेतली, ताणायला लागला. चादर फुगली, खांद्यापर्यंत आली, छातीखाली उतरली. डावीकडे कड जाड राहत होती आणि मधोमध एक जागा पातळ होऊन पांढुरकी दिसायला लागली होती. आणखी एक क्षण, आणि ती तिथून फाटली असती. आम्हा खुर्चीवाल्यांना तेवढं कळलं नव्हतं. ज्याला कळलं होतं त्याने बोलायचं नव्हतं.

"बायां पैर!" उस्ताद ओरडला. "अबे बायां पैर नीचे कर! दांत ढीले छोड... ढीले! अब मुंडी पीछे. पीछे, पीछे, पीछे..."

दोन वर्षं ज्या आवाजावर तो तरुण पिशवी पिळत होता, त्या आवाजावर त्याचं अंग आपोआप हललं. पाय खाली गेला, मान मागे गेली. पांढरी जागा भरून आली. चादर उतरली. डोक्यापासून घोट्यापर्यंत, अखंड. सकाळचं ऊन तिच्यातून मधासारखं आलं.

"वाह!" उस्ताद म्हणाला. टाळी पहिली त्यानेच वाजवली.

मग त्याचं शेठच्या तोंडाकडे लक्ष गेलं.

मी उभा राहिलो. म्हणालो, बोलायचं नाही अशी अट होती, ती मोडली, तेव्हा परीक्षा बाद.

"अट कुणी मोडली?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"उस्तादने."

"मग त्याचा फायदा त्यालाच द्यायचा? गुन्हा करणाऱ्याला? बसा, मास्तर."

मी बसलो. शेठ काही बोलतील असं वाटलं होतं. त्यांचं तोंड उतरलं होतं खरं, पण मी त्यांच्याकडे पाहत असतानाच ते हळूहळू पुन्हा चढायला लागलं. त्यांच्यासमोर एक स्थानिक माणूस उभा होता, ज्याला चपडा ताणता येत होता आणि ज्याच्यासाठी दर तीन महिन्यांनी कचेरीत हात जोडावे लागणार नव्हते. शेठ हुशार माणूस. त्यांनी जमादाराला पान दिलं.

जमादार तसा कामाचा पक्का. त्याने उस्तादलाच विचारलं, "इसको पूरा काम सिखाया है क्या तूने? सच बोल. कुछ बाकी है?"

अजून वाट होती. बाकी आहे म्हटलं असतं तर वहीत तसंच उतरलं असतं. वर्षभर तरी शिकवायला बाकी आहे, पावसाळ्यातली लाख वेगळी, पळसाची वेगळी, काहीही. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहत होतो.

उस्तादने चादरीकडे पाहिलं आणि छाती काढून म्हणाला, "पूरा सिखाया है साहब. मेरे हाथ के नीचे का आदमी है. अधूरा नहीं छोडता मैं."

कचेरीत धाडायचा ठराव मी लिहिला. 'उस्तादच्या मार्गदर्शनाखाली' असे शब्द मी घातले होते, ते वकीलसाहेबांनी खोडले आणि म्हणाले की ठराव सुटसुटीत हवा. शेवटी सदर परकी इसमाने केलेल्या सहकार्याबद्दल सभा आभार मानते, असं एक वाक्य त्यांनी स्वतः घातलं. ते त्यांना फार आवडलं होतं. दोनदा वाचून दाखवलं.

हुकूम आला तेव्हा तो वाचून दाखवायला मला त्याच्या घरी बोलावलं. पंधरा दिवसांत देश सोडावा. बायको चुलीशी बसली होती, मुलगी दाराआड. बायकोचा जन्म इथला, आई इथली, ती कधी गोंदियाच्या बाहेर गेली नव्हती. नवऱ्याबरोबर गेली तर आईला भेटायला तिलाही व्हिसा लागला असता. न गेली तर नवऱ्याला भेटायला. तिने मला दोन्ही गोष्टी पुन्हा सांगायला लावल्या. मी भूगोल शिकवतो तशा सांगितल्या.

"मी नाही जाणार," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "एक चद्दर फटने देते तो क्या बिगडता? तुम्हारे बाप का कफन थी?"

"कुसुम की थी," एवढंच तो म्हणाला.

तिने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि विझेपर्यंत जमिनीवर घासलं.

जायच्या दिवशी दुपारच्या गाडीला मी स्टेशनवर गेलो. एका शिपायाला नागपूरपर्यंत सोबत दिलं होतं. शेठ आले नाहीत. त्यांनी फराळाचं पाठवलं होतं. बायको मुलीला घेऊन आली, खिडकीपाशी उभी राहिली, आणि दोघंही काय बोलायचं ते शोधत होती. दहा मिनिटं उरली होती.

एवढ्यात तो गोरेगावचा तरुण धावत फलाटावर आला. पोटरीला अजून पट्टी होती. डोळे रडलेले. मला वाटलं माफी मागायला आला. तसा आलाही असेल. पण खिडकीशी पोचल्यावर त्याच्या तोंडातून भलतंच निघालं.

"उस्ताद, थंडीत नळ्यातलं पाणी किती गरम ठेवू जी? काल दोन चादरी तडकल्या. शेठ मले शिव्या देऊन राहिला."

बायको नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "मत बताओ."

उस्तादने तिच्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं. मुलीकडेही पाहिलं. मग त्या तरुणाकडे.

"उंगली डाल," तो म्हणाला. "सात तक गिन. सात पे हाथ निकालने का मन हुआ तो ठीक. पांच पे हुआ तो ज्यादा गरम है, और जाडे में सुबह का पहला पानी फेंक देना, दूसरे से शुरू..."

तो खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून नळा केवढा भरायचा ते दाखवायला लागला. तरुण मान हलवत होता. बायकोने मुलीचा हात धरला आणि माझ्या शेजारून फाटकाकडे निघाली. तिने मागे पाहिलं नाही. मी तिला हाक मारणार होतो, पण हाक मारून सांगणार काय होतो?

गाडी हलली तेव्हा ती फलाटावर नव्हती. तरुण खिडकीला धरून गाडीबरोबर चालत होता, मग पळत होता, आणि उस्ताद वाकून अजून सांगत होता.