साडूंची पावणेतीन किलोची रायफल

पुण्यात मत नसलेला माणूस शोधायला गेलात, तर सापडलेला बहुधा परगावचा पाहुणा निघेल. पण एकाच वस्तूबद्दल तीस वर्षं मत देत राहणारा आणि दरवर्षी त्या मतात नवा तपशील भरणारा माणूस मी एकच पाहिला. माझे थोरले साडू. वस्तू म्हणजे त्यांची रायफल: पॉइंट टू-टू बोअरची, शिकारीसाठी घडवलेली, अंगानं सडपातळ, वडिलांकडून परवान्यासकट वारसाहक्कानं आलेली. साडू राहतात सदाशिव पेठेत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे शिकार करण्याजोगं काही असेलच, तर ते दुपारी दीड वाजता बेल वाजवणारे विक्रेते. त्यामुळे रायफल कुलूपबंद कपाटात असायची, ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, पैठण्यांशेजारी. दोन्ही वस्तू ठरलेल्या दिवशीच बाहेर निघायच्या आणि दोन्हींना हात लावण्याआधी साडू हात धुवायचे.

या माणसानं आयुष्यात एक मुंगीही मारलेली नाही. ऐन विशीत असताना भोरकडच्या शेतात रानडुकरं भुईमूग उकरायची, म्हणून वडिलांनी रीतसर परवानगी काढून यांना बांधावर बसवलं. डुक्कर आलं, मागून चार पिल्लं आली. साडू घरी परतले ते काडतूस तसंच घेऊन. वडिलांनी विचारलं, “नेम बसला नाही?” तर हे म्हणाले, “नेम बसला होता. मन बसलं नाही.” डुकरांनी भुईमूग संपवला आणि वडिलांनी महिनाभर अबोला धरला. पण सांगायचं ते खरंच सांगायचं, ही खोड त्यांची तेव्हापासूनची आहे. आमच्या लग्नात जेवणावळ आटोपल्यावर त्यांनी माझ्या वडिलांना सांगितलं होतं की मसालेभात उत्तम, मठ्ठा फसला. मठ्ठा वडिलांनी स्वतः केला होता.

रायफलचं वजन त्यांनी घरच्या काट्यावर काढलं. आधी रायफल घेऊन उभे राहिले, मग रायफल ठेवून. मध्ये ताईंनी उपमा दिला आणि यांनी तो खाल्ला, त्यामुळे रायफल फुलासारखी भरली. तेव्हापासून वजन उपाशीपोटीच व्हायचं. पावणेतीन किलो! हा आकडा ते नातवंडाच्या वजनासारखा सांगतात. हातात घेतल्यावर वस्तू कशी लागते, यावरच त्यांचं सगळं जग उभं आहे. एकदा छत्री घ्यायला आम्ही लक्ष्मी रोडला गेलो, तर यांनी मिटलेली छत्री खांद्याला लावली, गाल टेकवला, एक डोळा मिटला. समोरची दोन गिऱ्हाइकं भिंतीकडे सरकली. “दांडा पुढे जड आहे,” असं म्हणून छत्री परत केली. दुकानदार म्हणाला, “अहो, पाऊस कुठूनही आला तरी चालेल, नेम धरावा लागत नाही.”

लोकशाहीवर त्यांची श्रद्धा आहे, पण निवडणूक लागली की ते उदास व्हायचे, कारण रायफल ठाण्यात जमा करावी लागायची. मग दर चार दिवसांनी ठाण्यात जाऊन तिची विचारपूस. “तिला भिंतीला टेकवून ठेवू नका हो,” असं त्यांनी एकदा हवालदाराला विनवलं. तो म्हणाला, “काका, हितं आरोपीबी भिंतीलाच टेकून बसत्यात.”

परवानाधारकांच्या व्हॉट्सॲप गटावर साडूंचे लेख पडत. एकदा गटावरच्या एका नव्या गृहस्थानं यांची रायफल नेमबाजीच्या रेंजवर पाहिली आणि लिहिलं, “काकांची रायफल हलकी आहे.” झालं! साडूंनी तीन पानी उत्तर पाठवलं. हलकी असतात ती माणसं, हलके असतात ते विचार, माझ्या तीर्थरूपांनी हलकी वस्तू घरात आणली नाही, वगैरे. दहा मिनिटांनी फोन आला. “काका, वजनानं म्हनलं ना जी मी! तारीफच करून राह्यलो होतो!” हे गृहस्थ वर्ध्याकडचे, चाळिशीचे, आयटीत कामाला, स्वतः परवानाधारक. साडूंनी त्याच संध्याकाळी त्यांना घरी बोलावून साग्रसंगीत माफी मागितली, वर आंबा बर्फीही दिली. तेव्हापासून ते वर्धेकर झाले आणि दर रविवारी साडूंबरोबर खडकवासल्यापुढच्या रेंजवर जाऊ लागले. स्कूटरवाला म्हणून मीही.

तिथे मी साडूंचं खरं मत ऐकलं. “जड रायफल माणसाच्या चुका पोटात घालते. ही घालत नाही. तुमचा श्वास, छातीची धडधड, सकाळी बायकोशी झालेलं भांडण, सगळं निशाण्याच्या कागदावर लिहून देते.”

गेल्या वर्षी कागदावर भलतंच लिहून येऊ लागलं. जिथे पाच गोळ्या एका पेढ्याएवढ्या जागेत बसायच्या, तिथे त्या ताटभर पसरू लागल्या. आधी साडूंनी काडतुसांना दोष दिला, मग वाऱ्याला, मग चष्मेवाल्याला. साडूंच्या हातातला चहाचा कप बशीवर किणकिणत होता ते आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं, पण बोललं कुणीच नाही. परवान्याचं नूतनीकरण महिन्यावर आलं होतं. नेहमीच्या डॉक्टरांनी तब्येतीच्या दाखल्यावर डोळे मिटून सही केली असती. पण एका रविवारी साडूच म्हणाले, “वर्धेकर, आज पाच गोळ्या तुम्ही मारा. खोट रायफलमध्ये असेल तर दुरुस्तीला देऊ. नसेल तर मी परवाना सोडतो.”

साडू कागद लावायला गेले तेवढ्यात वर्धेकर माझ्या कानाशी आले. “भाऊ, मुद्दाम चुकवू का जी?”

मी क्षणाचाही विचार न करता म्हटलं, “चुकवा.” आजही मला त्याची लाज वाटत नाही.

पहिली गोळी डावीकडे गेली, दुसरी खाली. मला हायसं वाटलं. साडूंनी दुर्बीण खाली ठेवली आणि वर्धेकरांच्या खांद्यावर हळूच हात ठेवला. “चाप झटकलात. तोही मुद्दाम. असं नका करू हो, तिच्यावर उगाच आळ येतो.”

वर्धेकरांचे डोळे भरले होते. त्यांनी ते बाहीनं पुसले आणि उरलेल्या तीन गोळ्या मारल्या. तिन्ही भोकं एकमेकांना चिकटून होती. वर शर्टाचं बटण ठेवलं असतं तर झाकली गेली असती. साडू तो कागद घेऊन लहान मुलासारखे माझ्याकडे धावत आले. “बघा! मी काय म्हणत होतो? तिच्यात काही नाही! काही म्हणजे काही नाही!” त्यांचा चेहरा नुसता उजळला होता. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

पुढच्या सोमवारी आम्ही ठाण्यात गेलो. पुढे रायफल वर्धेकरांच्या परवान्यावर चढवायची, तोवर ती ठाण्यात राहणार होती. अर्जात शस्त्र जमा करण्याचं कारण विचारलं होतं. साडूंनी वळणदार अक्षरात लिहिलं, “शस्त्र निर्दोष. मालक चुकतो.” त्याच हवालदारानं ते वाचलं, एकदा साडूंकडे पाहिलं आणि शिक्का मारला. मग रायफल आत नेऊन त्यानं आपली घडी केलेली सतरंजी फळीवर पसरली आणि तिच्यावर रायफल आडवी ठेवली. साडूंनी त्याला नमस्कार केला.

परत येताना साडू मागे बसले आणि आधारासाठी त्यांनी दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. एरवी ते सीटची कडी धरतात. उजवा हात सारखा थरथरत होता. मला तो शर्टातून स्वच्छ जाणवत होता, आणि मला जाणवतोय हे त्यांनाही कळत होतं. मी गाडी अगदी सावकाश चालवत होतो. काहीतरी बोलायला हवं होतं.

“खड्डे फार झालेत हो इथे,” मी म्हणालो.

तो रस्ता आठच दिवसांपूर्वी नवा झाला होता.

“हो,” साडू म्हणाले. “फारच.”