मागची बाजू

हातात कागद आला की ती आधी तो उलटा करायची. कुठलाही कागद. बसचं तिकीट, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नपत्रिका, इडली बांधून आलेला पेपरसुद्धा. पुढची बाजू नंतर. "मागची बाजू बघितलाव का?" हा तिचा प्रश्न आमच्या कॉलेजात इतका गाजलेला होता, की पोरं तिची नक्कल करताना नुसता हात उलटा करून दाखवायची आणि सगळे हसायचे.

तिचं नाव सांगत नाही. पुढं तिला जी नोकरी लागली, तिच्यात नाव न सांगणं ही पहिली अट असते म्हणे.

कुकटपल्लीच्या पलीकडच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी असिस्टंट प्रोफेसर होतो आणि ती कॉम्प्युटर लॅबमध्ये प्रोग्रामर. दोघंही अंबरपेठेत राहणारे, त्यामुळं जाता-येता एकच बस. आमचं घराणं जुनं हैदराबादी. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील शिक्षक, आणि घरात शुद्ध मराठीचा भलता तोरा. तिचे आजोबा बिदरकडची शेती भावांवर सोपवून इकडं आलेले, काका बेगम बाजारात मसाल्याच्या दुकानी मुनीम. ती मराठी शाळेत शिकलेली, 'करायलाव-जायलाव' बोलणारी, एम.सी.ए. झालेली. मी एम.टेक., तेही उत्तरेकडच्या मोठ्या संस्थेतून. दोन वर्षं तिथल्या हॉस्टेलात हिंदीवाल्यांमध्ये काढली, हे मी तिला बसमध्ये किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

परीक्षेच्या वेळी ती लॅबच्या दारात उभी राहून ओरडायची, "पलटाके देखो रे! पीछे बी सवाल है!" दर वर्षी दोन-चार पोरं तरी तेवढ्यानं पास व्हायची. मी ज्या हॉलवर असायचो तिथं दोन-चार पोरं मागचा प्रश्न सोडून यायची. मला वाटायचं, आपण काय पोरांचे आजोबा आहोत?

एकदा तिला एक स्थळ आलं. मुलगा चांगला, फोटो छान, वय एकोणतीस. तिनं सवयीनं बायोडाटा उलटा केला. त्या लोकांनी जुन्याच कागदाच्या पाठीवर नवा छापून आणला होता. मागं तोच मुलगा, तोच फोटो, वय एकतीस.

"दोन वर्षं पाठीमागं लपवलेली सर," ती बसमध्ये सांगत होती आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "पुढच्या बाजूला लहान होऊ लालाय माणूस!"

मीही हसलो. खरं सांगायचं तर तेव्हा ती मला आवडायची, म्हणजे आपल्यापेक्षा खालच्या पायरीवरचं माणूस आवडतं तशी. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल.

ते दिवस राज्याच्या वाटणीचे होते. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा सभा. कँटीनमध्ये एकच विषय: लोकल कोण, नॉनलोकल कोण, कुणाच्या जागा राहणार, कुणाच्या जाणार. आम्ही मराठी माणसं चहा पीत गप्प बसायचो. आमच्या तीन पिढ्या इथं गेल्या, तरी 'तुम कौन गाँव के?' हा प्रश्न काही चुकत नव्हता. त्यात ती जाहिरात आली. संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागात तांत्रिक अधिकारी, पद क्रमांक चार. केंद्राची नोकरी. राज्य एक राहो की दोन होवोत, त्या नोकरीला काही फरक पडत नव्हता.

मी ती जाहिरात किती वेळा वाचली असेल! इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्समधली बी.ई. किंवा बी.टेक., पहिला वर्ग, नेटवर्कचा अनुभव, सांकेतिक लिपीचं ज्ञान. एकेक ओळ म्हणजे माझंच वर्णन. शाळेत असल्यापासून मी मित्रांना उलट्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहायचो, माझा जन्मच या कामासाठी होता. शेवटची ओळ होती: वय तीस वर्षांपर्यंत. मी बत्तीस.

दोन दिवस मी जेवलो नाही. मग मला समजलं की तिलाही अर्ज करता येत नाही. ती वयात बसत होती, पण एम.सी.ए. त्यांना चालत नव्हतं.

"जाऊ द्या सर, आपण दोघं एकाच बशीतले," ती म्हणाली. बस म्हणायचं होतं तिला. मला मात्र फार बरं वाटलं, आणि त्या रात्री मी पोटभर जेवलो. माझ्या स्वभावाची ही लाज मी आज कबूल करतो.

पंधरा दिवसांनी नोटीस बोर्डावर एक कात्रण लागलं. बंदमुळं नोकऱ्यांच्या साप्ताहिकाची इंग्रजी आवृत्ती आलीच नव्हती, म्हणून शिपायानं हिंदीतलं कापून, डिंकानं चिकटवून, वर काच लावली होती. 'पद क्रमांक चार : शैक्षिक योग्यता में संशोधन' एवढीच ओळ, आणि पुढचा मजकूर पान संपल्यामुळं तुटलेला. त्यांची वेबसाइटही त्या आठवड्यात उघडत नव्हती.

ती काचेला नाक लावून उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर असा कागद आला होता, जो तिला उलटा करता येत नव्हता.

"सर, संशोधन म्हणजे रिसर्चच ना? रिसर्च केलेला माणूस पाहिजे म्हणालेत का?"

हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. हे मला हॉस्टेलच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, मेसच्या नियमांत 'संशोधन' लागलं तेव्हा. आमच्या हैदराबादी बोलीत त्याला तरमीम म्हणतात, त्यामुळं तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. योग्यतेत दुरुस्ती झाली, म्हणजे बहुतेक एम.सी.ए. चालणार. हे मला तिथल्या तिथं दिसलं. ती जाणार आणि मी त्याच बसमध्ये एकटा राहणार, हेही दिसलं.

"हो," मी म्हणालो. "रिसर्चच. तुम्ही कुठं केलाय रिसर्च?"

"मागं काय असेल हो?"

"जाहिराती असतील दुसऱ्या. मागं काय असतंय!"

ती "हौ" म्हणाली आणि लॅबमध्ये निघून गेली. मी तासाला गेलो आणि फळ्यावर तीनदा चुकलो.

पण ती कसली ऐकते! रविवारी ती थेट बेगम बाजारात काकांकडं गेली. त्या दुकानात हळद-धण्याच्या पुड्या रद्दीत बांधतात. सगळा गठ्ठा उपसून तिनं ते पान हुडकून काढलं. सोमवारी माझ्या टेबलावर तिनं ते ठेवलं तेव्हा त्याला जिऱ्याचा वास येत होता.

"सर, माझी डिग्री चालायलीय म्हणे! मी फॉर्म भरायलेय. आणि हे ठेवा, मागची बाजू बघा. तुमच्या कामाचं हाय."

माझ्या कामाचं? माझा चोरटेपणा उघडा पाडायला आणलाय हिनं, असं माझ्या मनानं घेतलं. चोराच्या मनात चांदणं. मी "बघतो" म्हणालो आणि तो कागद ड्रॉवरमध्ये खाली सारला.

दोन दिवसांनी बसमध्ये तिनं विचारलं, "बघितलाव का सर?"

"बघितलं."

"मग?"

"मग काय? मला नाही जायचं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग खिडकीबाहेर बघू लागली.

तिची निवड झाली. लेखी, मुलाखत, डोळे-छातीची तपासणी, सगळं पार पडलं. त्या महिन्यांत मी जळत होतो. कुणी तिचं अभिनंदन केलं की मी उठून बाहेर जायचो. एम.सी.ए.! करायलाव-जायलाव! माझ्या बायकोनं एकदा शांतपणे विचारलं, "तुमचं काय नेलंय हो तिनं?"

मग नेमणुकीआधी तिच्या चौकशीला एक माणूस गल्लीत आला. साधा शर्ट, हातात फाइल. नेमका माझ्याच दारात. "साथ में काम करते ना आप? कैसी है लड़की?"

वाईट बोलायचं ठरवलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं. तोंडात आलंही होतं. पण निघालं भलतंच. "काग़ज़ हाथ में आया तो पलटा के देखती है."

त्यानं मान वर केली. "हमेशा?"

"हमेशा."

त्यानं ते लिहून घेतलं. ती नोकरी तिला माझ्या शिफारशीनं लागली असं मी नंतर बरीच वर्षं लोकांना सांगत असे, तेवढंच समाधान.

जायच्या दिवशी ती बालुशाही घेऊन आली. डब्याचं झाकण उघडताना म्हणाली, "सर, तुम्ही यायला पाहिजे होतं." मला तो टोमणा वाटला. बालुशाही मी शिपायाला दिली. ती कुठल्या गावी रुजू झाली हे तिच्या काकांनाही ठाऊक नव्हतं. फोन लागत नव्हता. बसमध्ये तिची खिडकी दुसऱ्या कुणीतरी घेतली.

वर्षभरात राज्याची वाटणी झाली. जुन्या राज्याचं नाव छापलेली कॉलेजची सगळी स्टेशनरी रद्दीत घालायचा हुकूम निघाला. शिपाई पोतं घेऊन टेबलापाशी उभा, आणि मी ड्रॉवर रिकामा करत होतो. तळातून ते पान निघालं. जिऱ्याचा वास अजून होता.

मी ते उलटं केलं.

योग्यतेच्या दुरुस्तीखाली आणखी एक ओळ होती. वयोमर्यादा पस्तीसपर्यंत वाढवली होती. त्या ओळीखाली पेन्सिलची रेघ, आणि समासात तिचं मराठी शाळेतलं गोल अक्षर:

'सर, तुमचं वय बसतंय. शनिवार शेवटचा. हिंदीत संशोधन म्हणजे तरमीम असते, काका म्हणाले. आपण दोघंही चुकलो.'

हॉस्टेलची, हिंदीवाल्यांमधली माझी दोन वर्षं तिला तोंडपाठ होती. तरी तिनं 'दोघंही' लिहिलं होतं.

शिपायानं हात पुढं केला. "सर, ये बी रद्दी में डालूँ?"

"नक्को," मी म्हणालो.